डिस्को: आधी जागा की आधी गाणं?

आंबोळी

आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला यंदा 'डिस्को नाइट' ठरलीय. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल रात्री साडेअकरापर्यंत जुंपली होती. एकाला मिथुन हवाय, एकाला झिरमिळ्यांचे शर्ट, आणि बी विंगच्या काकू 'डिस्को दांडिया ठेवा' म्हणून अडून बसल्यात. त्यांना सगळे हसले (मीही, खोटं कशाला बोलू). हे सगळं बघून नववीतल्या लेकीने विचारलं, "आई, डिस्को म्हणजे गाणं, नाच, हॉल का कपडे?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

रात्री थोडं वाचलं. शब्द फ्रेंच आहे. तिकडे 'बिब्लिओतेक' म्हणजे ग्रंथालय, त्याच चालीवर 'दिस्कोतेक', म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या ठेवायची जागा. तबकड्यालय म्हणा हवं तर. पुढे जिथे बँड न ठेवता तबकड्या लावून लोक नाचतात त्या क्लबलाही तेच नाव पडलं. पॅरिसच्या 'व्हिस्की आ गोगो' क्लबात रेजीन नावाच्या बाईने १९५३ मध्ये ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) काढून तबकड्या फिरवायची दोन टर्नटेबलं मांडली, म्हणजे दोन गाण्यांच्या मधली शांतता गेली. ही तिने स्वतःच सांगितलेली हकिकत. ज्यूकबॉक्स थांबला की कोपऱ्यातल्या जोडप्यांची कुजबुज ऐकू यायची, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणजे डिस्को ही आधी जागा होती. मग संगीताला ते नाव कधी नि कसं लागलं? जाणकारांनी लिहा.

---

कटकट

कपडे. लेकीला सांगा आणि धागा बंद करा.

---

शिळोपा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तबकडीवाला

आंबोळीताई, चांगला प्रश्न. जुन्या तबकड्या गोळा करण्यात माझी तीस वर्षं आणि बायकोचा संयम खर्ची पडलाय, त्यामुळे लांबण लागेल.

'आधी जागा' हे अगदी बरोबर. १९७० साली दुकानात जाऊन 'डिस्कोची रेकॉर्ड द्या' म्हटलं असतं तर दुकानदाराला काही कळलं नसतं. गाणी सोल होती, फंक होती, लॅटिन होती, आफ्रिकन होती. त्यातली जी त्या जागेत चालली ती डिस्कोची झाली. नाव नाचणाऱ्यांच्या पायांनी दिलं, कंपन्यांना ते नंतर सापडलं.

जागा कोणत्या? न्यूयॉर्क. १४ फेब्रुवारी १९७० ला डेव्हिड मॅन्कुसो नावाच्या तरुणाने ६४७ ब्रॉडवे इथल्या आपल्या राहत्या जागेत पार्टी दिली. जुन्या कारखानदारी इमारतीतला तो मोठा मोकळा मजला, म्हणून नाव पडलं 'द लॉफ्ट'. आमंत्रणावर लिहिलं होतं 'लव्ह सेव्ह्ज द डे'. दारूविक्री नाही. पंच, फळं, खायचं, आणि छताला फुगे. फुगे कुठून आले हे मला सगळ्यात आवडतं. मॅन्कुसो लहानपणी युटिका गावातल्या अनाथाश्रमात होता. तिथल्या सिस्टर अलिशिया पोरांना जमवून, फुगे लावून रेकॉर्ड वाजवायच्या. हा पोरगा मोठा झाला आणि त्याने तीच खोली पुन्हा मांडली.

तिथे कोण यायचं? काळे, पोर्तोरिकन, इटालियन, समलिंगी, भिन्नलिंगी, खिशात पैसे असलेले नि नसलेले. आदल्याच वर्षी, जून १९६९ मध्ये, स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडून दंगल झाली होती. पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणं तेव्हा न्यूयॉर्कात कायद्यात बसत नव्हतं. नाचाच्या जागेत दर तीन पुरुषांमागे एक तरी बाई हवी असा नियम होता, तो १९७१ मध्ये सुटला. ज्यांना शहरात नाचायला जागाच नव्हती त्यांनी स्वतःपुरती केलेली जागा ती.

आणि मॅन्कुसो वाजवायचा काय? १९७२ ची एक तबकडी, कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मनू दिबांगोची 'सोल माकोसा'. लॉफ्टवर ती वाजली आणि शहरभर तिची शोधाशोध सुरू झाली. न्यूयॉर्कात मिळेना, इतकी मागणी की दुसऱ्यांनी नकला रेकॉर्ड करून विकल्या. आफ्रिकेतला माणूस, फ्रान्समधली तबकडी, न्यूयॉर्कमधला मजला. तोवर 'डिस्को संगीत' नावाचा कप्पाच नव्हता. संगीतावर लिहिणाऱ्या व्हिन्स अलेट्टीने सप्टेंबर १९७३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकात या मंडळींवर लेख लिहिला, तेव्हाही तो 'डिस्कोतेक रॉक' असंच म्हणत होता.

उरलेलं जेवून लिहितो.

---

न्यूजर्सीची_नमू

वाचतेय! ब्रॉडवेवर त्या पत्त्यापुढून मी ऑफिसला जाताना कितीतरी वेळा गेलेय. आत्ता पहिल्यांदा कळलं. खाली दुकानं, वर खिडक्या, बाहेरून काही म्हणजे काही वाटत नाही.

---

कटकट

तबकडीवाले, फुगे वगैरे गोड आहे सगळं. पण संगीत म्हणाल तर डिस्को म्हणजे धप धप धप धप. सगळी गाणी एका साच्यातली. ठेका काढला तर खाली काही उरत नाही. मी जुना रॉकवाला, मला माफ करा.

---

ठेकेदार

कटकटराव, मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवलेत. त्या 'धप धप'वर जरा बोलू दे.

घरी करून बघा. स्टीलचा रिकामा डबा उलटा ठेवा, त्यावर मुठीने सारख्या अंतराने मारत राहा. एक, दोन, तीन, चार. हा बेस ड्रम. आता दोन धपांच्या बरोब्बर मध्ये तोंडाने 'त्स्सी' म्हणा. धप-त्स्सी-धप-त्स्सी. ती 'त्स्सी' म्हणजे हाय-हॅट, एकावर एक बसवलेल्या दोन झांजा. त्या किंचित उघडून मारायच्या आणि पुढच्या धपेला पायाने मिटायच्या. धप तुम्हाला जमिनीवर आणते, त्स्सी परत उचलते. लेझीम खेळताना खाली वाकून वर येता ना, तशी ओढ. धप काढून नुसती त्स्सी ठेवली तरी अंग हलतं.

हा ठेका फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या ड्रमरचा. सिग्मा साउंड नावाचा स्टुडिओ, गॅम्बल आणि हफ ही निर्माता जोडी. १९७३ मध्ये हॅरॉल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्सचं 'द लव्ह आय लॉस्ट' करत होते. मुळात ते संथ रडगाणं होतं. काही केल्या बसेना, तेव्हा लय वाढवली आणि यंगने चारही मात्रांवर बेस ड्रम धरून हाय-हॅट उघडा सोडला. शब्द विरहाचे, पाय मात्र थांबत नाहीत. डिस्कोतली निम्मी चांगली गाणी या एकाच विसंगतीवर उभी आहेत.

वर व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, खाली बेस गिटार सप्तकाच्या उड्या मारतेय. वीस-तीस माणसं एका खोलीत बसून वाजवतायत. ऐकायला सोपं आहे हो. दहा मिनिटं न ढळता वाजवून दाखवा, चहा माझ्याकडून.

---

शिळोपा

डबा वाजवला. बायको बघायला आली. त्स्सी म्हटल्यावर परत गेली.

---

तबकडीवाला

ठेकेदार, _/\_. तो डबा धागाभर पुरेल.

दहा मिनिटांचा विषय निघालाय तर तबकडीचंच सांगतो. माझ्या हातात आत्ता दोन रेकॉर्ड आहेत. एक सात इंची सिंगल, एक बारा इंची. दिव्याखाली तिरक्या धरल्या की फरक डोळ्यांना दिसतो. सात इंचीवर खाचा एकमेकींना खेटून, दळण बारीक काढल्यासारख्या. बारा इंचीवर सुटसुटीत, आणि जिथे बेस जोरात आहे तिथे खाच चक्क नागमोडी. आवाज मोठा हवा, बेस खोल हवा, तर खाचेला हलायला जागा हवी. छोट्या तबकडीवर एकतर गाणं तीन-चार मिनिटांत आवरा, नाहीतर आवाज बारीक करा.

आणि क्लबातल्या माणसाला दोन्ही हवं होतं. गाणं रंगात येतं तोवर संपायचं. सँक्चुअरी म्हणून एक क्लब होता, जुन्या जर्मन चर्चमध्ये, तिथे फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांची लय जुळवून एकीतून दुसरीत जायचा. पुढची तबकडी हाताने धरून ठेवायची, खाली टर्नटेबल फिरतंय, आणि नेमक्या मात्रेवर सोडायची. आज लग्नातला डीजे बटणाने करतो ते त्याने बोटांनी केलं. (मॅन्कुसोचं उलटं. पुढे पुढे त्याने जोडाजोड सोडूनच दिली. तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायची, मध्ये बोट घालायचं नाही.)

मग आला टॉम मोल्टन. गाण्यांची नाचापुरती लांबवलेली मिक्स करणारा माणूस. एकदा चाचणीची तबकडी कापून घ्यायला गेला तर सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. इंजिनिअर होजे रॉड्रिगेझने दहा इंचीवर कापली. मधोमध एवढंसं वर्तुळ दिसायला लागलं, ते मोल्टनला बघवेना. म्हणाला, पसरव की जरा. पसरायचं तर आवाज चढवावा लागतो. चढवला, आणि ऐकून दोघेही चाट. पुढची चाचणी सरळ बारा इंचीवर. आपल्याकडे साखर संपली म्हणून गूळ घालतात आणि पदार्थ गुळाचाच होऊन बसतो, तसं. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचं 'टेन पर्सेंट' बारा इंचीवर दुकानात आणलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं.

म्हणजे जागेने गाणं निवडलं आणि गाण्याने तबकडीचा आकार बदलला.

---

न्यूजर्सीची_नमू

नाचाबद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. इथे एका क्लासमध्ये मी वर्षभर हसल शिकले. हसल म्हणजे डिस्कोचा खरा जोडीनाच. ब्राँक्समधल्या पोर्तोरिकन पोरापोरींनी सत्तरीच्या सुरुवातीला घडवला. मॅम्बो-साल्सा घरचाच होता, त्याला नव्या गाण्यांवर बसवलं. व्हॅन मॅकॉयचं 'द हसल' १९७५ मध्ये आलं तोवर नाच क्लबांतून फिरत होता.

आपल्याला डिस्को म्हटलं की एक बोट आकाशात, एक हात कमरेवर एवढंच आठवतं. हसलमध्ये हात सुटत नाहीत. मुलगी सतत गिरकीत, मुलगा तिला वाट करून देतोय. पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले, कारण गाणं चारात आणि पाय तीनात! 'अँड वन, टू, थ्री' की लगेच पुन्हा 'अँड वन'. गाण्याचा 'एक' आणि माझा 'एक' कधी भेटायचेच नाहीत. बाई म्हणायच्या, मोजू नकोस, चालत राहा.

---

ठेकेदार

नमूताई, भेटतात! चाराची तीन आवर्तनं म्हणजे बारा मात्रा, तीनाची चार म्हणजे बारा. दर बारा मात्रांनी समेवर या. तबलजी तिहाईत हेच करतो आणि आपण वाहवा म्हणतो.

आज डब्यावर चार आणि मांडीवर तीन करून बघणार.

---

न्यूजर्सीची_नमू

अय्या! वर्षभर फी भरली, हे कोणी सांगितलं नाही.

---

कटकट

बरं, सुरुवात चांगली होती हे मान्य. पण मग अमेरिकेतल्या लोकांनीच १९७९ मध्ये डिस्को पुरला ना? स्टेडियममध्ये रेकॉर्ड जाळल्या. लोक विटले होते. 'डिस्को डक' नावाचं बदकाच्या आवाजातलं गाणं १९७६ मध्ये तिकडे पहिल्या नंबरला गेलं होतं, आणखी काय सांगू.

---

तबकडीवाला

बदकाचा मुद्दा मान्य. १९७८-७९ मध्ये कंपन्यांनी अक्षरशः कशालाही डिस्कोचं लेबल लावलं. ब्रॉडवे गाजवलेल्या एथेल मर्मनबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर डिस्को अल्बम काढला. कंटाळा येणं साहजिक होतं.

पण त्या रात्रीचं नीट सांगतो. १२ जुलै १९७९, शिकागोचं कॉमिस्की पार्क, बेसबॉलचे दोन सामने लागोपाठ. रेडिओवाला स्टीव्ह डाल. तो आधी ज्या स्टेशनवर होता ते डिस्कोकडे वळलं तेव्हा, १९७८ च्या नाताळात, त्याची नोकरी गेली होती. त्याने जाहीर केलं: डिस्कोची रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मैदानात पेटीभर रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या. हजारो लोक मैदानात घुसले, हिरवळ खणली गेली, दुसरा सामना झालाच नाही आणि यजमान शिकागो व्हाइट सॉक्सना तो हरल्याचं जाहीर झालं.

त्या दिवशी तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर होता. त्याने नंतर सांगितलं की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्को नसलेल्या कितीतरी रेकॉर्ड होत्या, सोल, आर अँड बी. समान गोष्ट एकच, गाणारे काळे. प्रत्येक जण द्वेषानेच आला होता असं मी म्हणणार नाही, पुष्कळांना स्वस्तात सामना आणि धिंगाणा हवा असेल. पण कंटाळा आला तर माणूस स्टेशन बदलतो, पेट्या उडवत नाही.

आणि पुरला म्हणाल तर नाही पुरला. त्याच शिकागोत 'वेअरहाउस' क्लबात फ्रँकी नकल्स वाजवत होताच. त्या क्लबाच्या नावावरूनच पुढे 'हाउस' संगीत आलं. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सने 'ऑन अँड ऑन' काढलं, हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी एक. त्यात त्याचा साथीदार कोण? तोच जागा दाखवणारा मुलगा.

---

शिळोपा

हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

डॉक_नाशिक

थोडं अवांतर. छातीदाब (सीपीआर) शिकवताना आम्ही अजून बी जीजचं 'स्टेइंग अलाइव्ह' लावतो. मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात आणि गाणं १०३ च्या आसपास. शिकाऊ मुलं घाईत १४० वर जातात, गाणं लावलं की हात ताळ्यावर येतात.

---

ठेकेदार

डॉक, गंमत म्हणजे त्या गाण्यात ड्रमर नाहीच. फ्रान्समधल्या एका शातोत (जुन्या हवेलीत) रेकॉर्डिंग चालू होतं आणि त्यांच्या ड्रमरला घरच्या अडचणीसाठी निघावं लागलं. मग 'नाइट फीव्हर'मधले त्याच्याच ड्रमचे दोन बार (चार मात्रांची दोन आवर्तनं) टेपवर उतरवून त्या टेपचं वेटोळं केलं आणि गोल गोल फिरवत ठेवलं. अल्बमवर ड्रमरचं नाव 'बर्नार्ड लुप' असं छापलं. असा कोणी माणूस नव्हताच!

उलटी गंमत म्युनिकची. १९७७ चं डॉना समरचं 'आय फील लव्ह'. जॉर्जियो मोरोडरने जवळजवळ सगळं गाणं 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर केलं, पण मूगमधून हवी तशी धप निघेना. शेवटी कीथ फॉर्सीला बसवून बेस ड्रम तेवढा माणसाने वाजवला. यंत्रासारखं वाजणाऱ्या त्या गाण्यात खालचा पाय माणसाचा, आणि 'स्टेइंग अलाइव्ह'सारख्या माणसांच्या गाण्यात पाय टेपचा.

---

गिरगावची_माई

पोरांनो, तुम्ही मिथुनला विसरलात की काय? आमच्या चाळीत ८३ सालच्या गणपतीत 'डिस्को डान्सर' दहा दिवस वाजला होता. सुतारांच्या धाकट्याने डोक्याला चांदीची पट्टी बांधून स्टेजवर असा काही नाच केला की पट्टी डोळ्यांवर आली आणि तो थेट पेटीमास्तरांच्या मांडीवर. मास्तर मात्र वाजवत राहिले हो.

---

तबकडीवाला

माई, :D

आपल्याकडचा धागा बिद्दूपासून धरावा लागतो. बंगळुरात जन्मलेला मुलगा, साठच्या दशकात लंडनला गेला. १९७४ मध्ये त्याने कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' केलं, तेही दुसऱ्या गाण्याच्या पाठच्या बाजूसाठी घाईघाईत. इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे पहिला नंबर. म्हणजे आपला माणूस डिस्कोत पहिल्या पंक्तीला होता. त्यानेच १९८० मध्ये 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' केलं. गाणारी नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांची. मग १९८१ चा 'डिस्को दीवाने', आणि डिसेंबर १९८२ मध्ये बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर', जो सोव्हिएत संघातही तुफान चालला.

('जिमी जिमी' ऐकून झालं की ओत्तावाँ या फ्रेंच जोडीचं 'ते ओके' ऐका. काय म्हणायचंय ते कळेल. हलके घ्या.)

---

आंबोळी

कालपासून तीनदा वाचला धागा. रात्री लेकीला घेऊन 'डिस्को डान्सर' परत पाहिला. (आईला गिटारचा शॉक बसतो तिथे ती मोठ्याने हसली, मला पूर्वी रडू यायचं.) मध्येच ती म्हणाली, "आई, पण यात लोक नाचतच नाहीयेत. बघतायत नुसते."

पुन्हा नीट पाहिलं. खरंच की! स्टेजवर जिमी, खाली गर्दी, गर्दीचे डोळे वर. तबकडीवाल्यांनी लिहिलेल्या लॉफ्टमध्ये स्टेज नव्हतंच. गाणारा हजरच नव्हता, तो तबकडीत होता. बघायला कोणी नाही म्हणून सगळ्यांनी नाचायचं. आपण दिवे घेतले, कपडे घेतले, ठेका घेतला, आणि मधोमध हिरो उभा केला. हे फक्त आपणच केलं असंही नाही म्हणा. 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मध्येही ट्रॅव्होल्टाला वाट करून देऊन बाकीचे कडेला उभे राहतातच. आणि तो सिनेमा ज्या १९७६ च्या लेखावरून निघाला, त्यातला नायक लेखक निक कोनने मनानेच रचला होता, पुढे त्याने तसं कबूलही केलं.

---

गिरगावची_माई

आंबोळी, मग तुमच्या बी विंगच्या काकू काय चूक सांगत होत्या? बबलांचा डिस्को दांडिया मी खेळलेय. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे भाऊ ते. ड्रम, सिंथेसायझर आणि गरब्याची चाल. मैदानात आत एक गोल, बाहेर एक गोल, बघे कोणी नाहीत. टिपरी समोरच्याला द्यायची नि पुढे सरकायचं. शेठाणीबरोबर खेळ, तिच्या मोलकरणीबरोबर खेळ, फेरी येईल तशी.

---

कटकट

माई, हे मात्र पटलं. लिहून ठेवा, वर्षातून एकदाच होतं.

---

आंबोळी

अपडेट: काल झाला कार्यक्रम. माईंचा प्रतिसाद मी कमिटीच्या ग्रुपवर टाकला होता. स्टेज रद्द, खुर्च्या भिंतीला. आधी तासभर तबकडीवाल्यांनी सुचवलेली गाणी. पहिली वीस मिनिटं कोणी हललं नाही, सगळे स्टेज शोधत होते. मग वॉचमनची चार वर्षांची मुलगी मध्ये येऊन गोल गोल फिरायला लागली आणि तिच्या मागे बाकीची पोरं. नऊनंतर टिपऱ्या. काकूंनी मला एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हटलं नाही, फक्त टिपरी जरा जोरात मारली.

फुगे लावले होते. दहाला पाच कमी असताना सेक्रेटरी हातात घड्याळ घेऊन स्पीकरपाशी उभे.

---

ठेकेदार

आणि दहाला?

---

आंबोळी

बंद. पण लेकीने स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला होता.